उंदरातल्या ट्यूमरचा उजेड मोजायचाय? नाशिकहून पहिल्यांदा बायोल्युमिनेसन्स इमेजिंग करणाऱ्यांसाठी

नाशिकला कॅन्सरवर काम करणारी एम.फार्म. आणि पीएचडीची बरीच मुलंमुली आहेत, गंगापूर रोडपासून आडगावपर्यंत कुठल्याही फार्मसी कॉलेजात डोकावा, कोणी ना कोणी एखादं मॉलिक्यूल नाहीतर एखादा अर्क घेऊन बसलेलं असतंच. प्लेटमधलं काम इथे होऊन जातं, एमटीटीचे (पेशी किती जिवंत राहिल्या ते सांगणाऱ्या टेस्टचे) आकडे छान येतात, आणि मग गाईड म्हणतात की आता हे अ‍ॅनिमलमध्ये दाखव, आणि जमलं तर इमेजिंगपण कर, म्हणजे उंदराच्या आतल्या ट्यूमरचा उजेड कॅमेऱ्याने टिप. खरा गोंधळ इथून सुरू होतो. मशीन कुठे आहे, परवानगी कोणाची, ल्युसिफेरिन (उजेड पाडायला उंदराला टोचतात ते रसायन) किती घ्यायचं, माईस कुठले, हे सगळं एका जागी मराठीत कोणी सांगत नाही, प्रत्येकजण पहिल्यापासून धडपडतो आणि त्यात महिने जातात आणि जनावरंही वाया जातात. मी ही सगळी प्रोसेस करून आलेय म्हणून सविस्तर लिहितेय. लांब आहे, पण कामाला लागायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

१. आधी उजेड कुठून येतो ते नीट समजून घ्या

मे संपत आला की आपल्याकडची मंडळी भंडारदऱ्याला काजवे बघायला जातात, तर ही टेक्निक त्याच काजव्याच्या केमिस्ट्रीवर चालते. फोटिनस पायरॅलिस नावाच्या अमेरिकेतल्या काजव्याचं ल्युसिफरेज हे एन्झाइम, त्याचा जीन कॅन्सरच्या पेशींमध्ये कायमचा बसवतात. त्या पेशी उंदरात टोचल्या, ट्यूमर वाढला, की इमेजिंगच्या दिवशी उंदराला डी-ल्युसिफेरिन द्यायचं. ते रक्तातून पेशींपर्यंत पोचलं की एन्झाइम त्याचं ऑक्सिडेशन करतं आणि उजेड बाहेर पडतो. यासाठी ऑक्सिजन लागतो, मॅग्नेशियम लागतं आणि एटीपी लागतं. एटीपीशिवाय काजव्याचा उजेड पडत नाही हे विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्येच दाखवलं होतं, आणि आपल्या कामाचा पाया हाच आहे, कारण एटीपी जिवंत पेशीतच असतं, मेलेली पेशी चमकत नाही. जिवंत उंदराच्या आतला असा उजेड बाहेरून टिपता येतो हे १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या कॉन्टॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मोनेला बॅक्टेरिया वापरून दाखवलं, कॅन्सरमध्ये वापर त्यानंतर वाढत गेला.

हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, इतका मंद असतो. म्हणून पूर्ण काळोख असलेल्या पेटीत साधारण उणे ९० अंशांना गार केलेला सीसीडी कॅमेरा लागतो, आयव्हिस म्हणतात ते मशीन हेच. आणि उंदराचं शरीर बराच उजेड पिऊन टाकतं, ६०० नॅनोमीटरच्या खालचा तर हिमोग्लोबिनच खातं. काजव्याच्या ल्युसिफरेजचा फायदा असा की शरीराच्या ३७ अंशांना त्याचा उजेड ६१० नॅनोमीटरच्या आसपास लालसर बाजूला सरकतो म्हणून तो थोडा तरी बाहेर येतो, तरीसुद्धा दर सेंटिमीटर खोलीला उजेड साधारण दहा पटीने कमी होतो असं धरून चाला.

यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे: तुम्हाला जो आकडा मिळतो तो ट्यूमरचा आकार नाही. जिवंत असलेल्या, ऑक्सिजन मिळत असलेल्या, ल्युसिफेरिन पोचलेल्या पेशी किती, त्या किती खोल, आणि तुम्ही फोटो कितव्या मिनिटाला काढला, या सगळ्याचा तो मिळून आकडा आहे. त्यातल्या बाकीच्या गोष्टी प्रत्येक वेळी सारख्या ठेवल्या तरच पेशींचा फरक कळतो.

२. तुम्हाला हे खरंच लागतंय का?

कातडीखाली वाढवलेला एक गोल ट्यूमर मोजायचा असेल तर कॅलिपर घ्या. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, झालं काम. इमेजिंगचा खर्च त्यासाठी करू नका, कोणी कितीही म्हणो की पेपरमध्ये रंगीत फोटो छान दिसतात.

इमेजिंगचा खरा उपयोग आत लपलेल्या गोष्टींसाठी आहे. फुफ्फुसातलं, हाडातलं, लिव्हरमधलं मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर), स्वादुपिंडात किंवा मेंदूत लावलेला ट्यूमर, किंवा हाताला लागायच्या आधीचा अगदी सुरुवातीचा टप्पा. पूर्वी अशा प्रयोगात दर आठवड्याला काही उंदीर मारून, उघडून बघावं लागायचं. आता तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे बघता येतो, त्यामुळे जनावरं कमी लागतात आणि प्रत्येक उंदराची स्वतःशीच तुलना होते. माझ्या मते ही टेक्निक शिकायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, फोटो नाही.

३. परवानग्या आणि कागदपत्रं

हे पहिल्या दिवशीच सुरू करा. कमिटीची मीटिंग ठरावीक वेळीच होते आणि एक तारीख हुकली की पुढची येईपर्यंत बसून राहावं लागतं.

दोन वेगवेगळ्या कमिट्या आहेत आणि बऱ्याच जणांना दुसरी माहीतच नसते. पहिली प्राण्यांची, म्हणजे आयएईसी, ही संस्थेतलीच असते पण सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या सरकारी समितीच्या नियमाखाली चालते, पूर्वी सीसीएसईएला सीपीसीएसईए म्हणायचे, जुन्या फॉर्मवर तेच नाव दिसेल. दुसरी बायोसेफ्टीची, आयबीएससी, कारण ल्युसिफरेज टाकलेल्या पेशी या जेनेटिकली बदललेल्या असतात, आणि लेन्टीव्हायरस (पेशीत जीन पोचवणारा व्हायरस) वापरून तुम्ही स्वतः त्या बनवणार असाल तर हिच्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

फाईलमध्ये साधारण हे लागतं:

- फॉर्म बी (प्राण्यांच्या कमिटीचा अर्ज) पूर्ण भरलेला, त्यात प्रत्येक ग्रुपमध्ये किती माईस आणि का याचं गणित
- आयबीएससीचं अप्रूव्हल
- तुमच्या कॉलेजचं पत्र आणि जिथे इमेजिंग करणार त्या संस्थेचं संमतीपत्र
- पेशी दुसऱ्या लॅबकडून घेतल्या असतील तर मटेरियल ट्रान्सफरचा करार
- सेल लाइनचा ओळख रिपोर्ट आणि मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा बॅक्टेरिया) निगेटिव्ह असल्याचा ताजा रिपोर्ट
- माईस रजिस्टर्ड ब्रीडरकडूनच घेणार याचा उल्लेख
- जनावर हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट

फॉर्म बी मध्ये दोन जागी लोकांचा अर्ज परत येतो. एक म्हणजे उंदरांची संख्या, तिथे "ग्रुपमागे ६" एवढंच लिहून चालत नाही, सहाच का ते स्टॅटिस्टिक्सने दाखवावं लागतं, त्यासाठी पॉवर कॅल्क्युलेशन (फरक पकडायला किती उंदीर लागतील याचं गणित) करून घ्या, नसेल येत तर स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे जाऊन बसा. दुसरं म्हणजे प्रयोग कधी थांबवणार. वजन २० टक्के उतरलं, ट्यूमर फुटून जखम झाली, उंदीर खात नाही, श्वास ओढून घेतोय, अशा वेळी तो उंदीर प्रयोगातून काढून वेदना न देता संपवायचा हे आधीच स्पष्ट लिहा. आणि नुसता रकाना भरायचा म्हणून लिहू नका, ते पाळायचं आहे. मेटास्टॅसिसच्या मॉडेलमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत उंदीर हाल काढत असतो, म्हणून रोज वजन आणि रोज नजर.

इमेजिंगसाठी जनावर किती वेळा बेशुद्ध करणार, ल्युसिफेरिन किती वेळा टोचणार हेपण त्यातच लिहा. नंतर वाढवायचं म्हटलं की अमेंडमेंट, परत मीटिंग.

४. जागा ठरवणं, आणि उंदीर घेऊन प्रवास नको

आपल्याला जवळ म्हणजे मुंबई नाहीतर पुणे. खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, शिवाय काही खाजगी संस्था पैसे घेऊन इमेजिंग करून देतात. बाहेरच्यांना वेळ मिळतो का, मशीन सध्या चालू आहे का, दर काय, हे आधी गाईडच्या नावाने मेल करून विचारा, तुमच्या एकट्याच्या मेलला उत्तर येईलच असं नाही.

सगळ्यात जास्त पडणारा प्रश्न: उंदीर नाशिकला ठेवून फक्त फोटोपुरते नेऊ का? नको. बाहेरून आलेले उंदीर कुठलंही चांगलं अ‍ॅनिमल हाऊस सरळ आत घेत नाही, आधी क्वारंटाइन असतं, कारण एका पिंजऱ्यातून इन्फेक्शन आलं तर त्यांची अख्खी कॉलनी जाते. आणि न्यूड (केस नसलेले, कमी इम्युनिटीचे) किंवा इम्युनिटी नसलेले माईस तर फिल्टरच्या हवेतल्या पिंजऱ्यातच जगतात, कसारा घाटातून डब्यात घालून नेलेला असा उंदीर पोचेपर्यंत स्ट्रेसने अर्धा झालेला असतो. प्रयोग पूर्णपणे तिथेच करा, तुम्ही जा-ये करा.

जायला पंचवटी बरी, नाशिकरोडहून सकाळी निघून ठाण्याला उतरायचं आणि तिथून पनवेलची लोकल पकडली की थेट खारघर. पण पेशी टोचायच्या आठवड्यात आणि इमेजिंगच्या आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड आली की गाड्या बंद, आणि तुमचा चौदावा दिवस सोळावा होऊन बसतो, सगळ्या ग्रुपांची तुलना बिघडते. शक्य असेल तर दिवाळीनंतरचं वेळापत्रक लावा.

५. सेल लाइन: घाई इथे करू नका

ल्युसिफरेजवाल्या पेशी तयार मिळतात, ४टी१ आणि बी१६एफ१० (उंदराच्या), एमडीए-एमबी-२३१ (माणसाच्या) वगैरे. उंदराच्या पेशी असतील तर त्याच जातीचा उंदीर: ४टी१ ला बाल्ब-सी, बी१६ ला सी५७ ब्लॅक सिक्स. माणसाच्या पेशी असतील तर न्यूड किंवा त्याहून कमी इम्युनिटीचे माईस. बाल्ब-सीसारख्या धडधाकट इम्युनिटीच्या उंदरात एक अडचण अशी की काजव्याचं प्रोटीन त्याला परकं वाटतं आणि त्याची इम्युनिटी त्याच पेशींवर जाते, ट्यूमर हळू वाढतो किंवा चमकणाऱ्या पेशी तेवढ्या मारल्या जातात. म्हणून इम्युनोथेरपीचं काम करणाऱ्यांनी ल्युसिफरेज नसलेल्या मूळ पेशींचा एक ग्रुप ठेवलाच पाहिजे.

टोचण्याआधी प्लेटमध्ये हे बघून घ्या. काळ्या ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशी अर्ध्या अर्ध्या करत खाली आणा, ल्युसिफेरिन १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होईल इतकं घाला आणि उजेड मोजा. पेशींची संख्या आणि उजेड एका सरळ रेषेत आले पाहिजेत. प्लेट काळीच घ्या, पारदर्शक घेतली तर शेजारच्या वेलचा उजेड गळतो. मग सिलेक्शनचं अँटिबायोटिक (जीन नसलेल्या पेशी मारणारं) काढून काही पॅसेज, म्हणजे काही पिढ्या, वाढवा आणि परत मोजा, कारण उंदरात ते अँटिबायोटिक नसतं, तिथे पेशींनी जीन बंद करून टाकला तर ट्यूमर वाढतोय आणि उजेड कमी होतोय असं दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल की औषध लागू पडलं.

मायकोप्लाझ्मा टेस्ट जुनी असेल तर परत करा. टोचायच्या दिवशी जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वरच हव्यात, सिरमवाला मीडिया धुवून काढा, बर्फावर ठेवा, आणि सिरिंजमध्ये भरायच्या आधी दरवेळी ट्यूब हलवा कारण पेशी तळाशी बसतात आणि पहिल्या उंदराला कमी शेवटच्याला जास्त जातात.

६. तुमचं औषधच काजव्याचं एन्झाइम दाबतं का?

आपल्याकडे याकडे जवळजवळ कोणी बघत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

नाशिक म्हणजे द्राक्षं, त्यामुळे द्राक्षाच्या सालीचा अर्क, बियांचा अर्क, रेस्व्हेराट्रोल यांच्यावर काम करणारी मंडळी इथे सहज भेटतात. आणि रेस्व्हेराट्रोल हे काजव्याच्या ल्युसिफरेजला थेट अडवतं, हे आधीच प्रसिद्ध झालेलं आहे. तसंच करणारी बरीच लहान मॉलिक्यूल्स आहेत, फ्लेव्होनॉइड्सही त्यात येतात. म्हणजे होतं काय, तुम्ही औषध दिलं, उजेड कमी झाला, ग्राफ सुंदर आला, आणि पेशी आहेत तिथेच आहेत, फक्त त्यांचा दिवा मंद झालाय. याच्या उलटही होतं, काही इनहिबिटर एन्झाइमला धरून बसतात आणि त्यामुळे ते पेशीत तुटत नाही, साठत जातं, मग औषध निघून गेल्यावर उजेड वाढलेला दिसतो आणि चांगलं औषध वाईट ठरतं.

हे तपासायला उंदीर लागत नाहीत, नाशिकलाच ल्युमिनोमीटरवर (प्लेटमधला उजेड मोजणाऱ्या मशीनवर) होतं. तीन गोष्टी करा.

पहिली, ल्युसिफरेजवाल्या पेशी फोडून लायसेट (आतला रस) करा, त्यात एटीपी, मॅग्नेशियम आणि ल्युसिफेरिन द्या आणि औषधाचे वाढते डोस टाकून बघा. इथे पेशीच नाहीत, त्यामुळे उजेड उतरला तर दोष औषधाचा एन्झाइमशीच आहे.

दुसरी, जिवंत पेशींना औषध देऊन अर्ध्या तासात मोजा. अर्ध्या तासात पेशी सहसा मरत नाहीत, ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) खात्री करा. पेशी जिवंत आणि उजेड गायब, तर समजून जा.

तिसरी, अर्क रंगीत असेल तर फक्त त्याच्या रंगाने किती उजेड अडतोय ते बघा, गडद जांभळा नाहीतर हिरवा अर्क प्लेटमध्ये स्वतःच गाळणी होतो.

गडबड निघाली तर प्रयोग सोडायची गरज नाही. फोटो औषधाच्या डोसनंतर लगेच काढू नका, पुढचा डोस द्यायच्या आधी काढा म्हणजे रक्तातलं औषध उतरलेलं असेल, एक ग्रुप असा ठेवा ज्याला फक्त एकच डोस देऊन आधी-नंतर उजेड बघायचा, आणि निष्कर्ष कॅलिपर, अवयवाचं वजन आणि हिस्टॉलॉजी (मायक्रोस्कोपखालची स्लाइड) यांच्यावर टेकवा. अजून एक, डी-ल्युसिफेरिनला पेशीबाहेर ढकलणारा एबीसीजी२ नावाचा पंप असतो, तो जास्त असलेल्या पेशी मंद दिसतात, आणि तुमचं औषध तो पंप अडवत असेल तर उजेड आपोआप वाढतो. रक्तवाहिन्या बंद करणारं औषध असेल तर ल्युसिफेरिन पोचतच नाही. हे सगळं कमिटीच्या अर्जाआधी तपासलं तर किती उंदीर वाचतील याचा विचार करा.

७. ल्युसिफेरिन विकत घेणं आणि बनवणं

सोडियम किंवा पोटॅशियम सॉल्ट मागवा. फ्री अ‍ॅसिड स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका, ते पाण्यात सरळ विरघळत नाही.

डोस १५० मिलिग्रॅम प्रति किलो. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या डीपीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) १५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बनवा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा, मग हिशोब सोपा, वजनाच्या दर ग्रॅमला १० मायक्रोलिटर. २० ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर, म्हणजे ३ मिलिग्रॅम. यावरून खरेदी काढा: २४ माईस आणि ५ वेळा इमेजिंग म्हणजे १२० इंजेक्शनं, ३६० मिलिग्रॅम, वर टाइमिंगच्या ट्रायलला आणि सांडलवंडीला धरून ५०० तरी घ्या. आणि सगळा प्रयोग एकाच लॉट नंबरवर काढा.

उजेडापासून जपा, ट्यूबला फॉइल गुंडाळा, एका दिवसाला पुरेल एवढे छोटे भाग करून उणे २० ला किंवा त्याहून गार ठेवा, परत परत वितळवू नका. मागवताना डिलिव्हरीचा पत्ता इमेजिंगच्या संस्थेचाच द्या, तिथल्या माणसाला आधी सांगून, म्हणजे नाशिकहून बर्फाचा डबा सांभाळत जायला नको.

८. माईस तयार करणं

केस उजेड अडवतात, काळे केस तर फारच. बाल्ब-सी पांढरे असतात तरी ट्यूमरच्या जागेचे केस काढा. सी५७ चे काढलेच पाहिजेत, आणि त्यांची कातडीसुद्धा केस उगवायच्या टप्प्यात काळी पडते, चट्ट्याचट्ट्यांनी, मग एका उंदराचा उजेड दुसऱ्यापेक्षा उगाचच कमी दिसतो. परवडत असेल तर त्याच जातीचे अल्बिनो घ्या. केस काढायची क्रीम थोडाच वेळ ठेवा आणि कोमट पाण्याने पूर्ण पुसून काढा, राहिली तर कातडी भाजते. शक्यतो आदल्या दिवशीच केस काढा.

ग्रुप पाडायच्या आधी एक बेसलाइन फोटो घ्याच. ज्यांच्यात उजेडच नाही ते बाजूला, उरलेले उजेडाच्या क्रमाने लावून सगळ्या ग्रुपांत सारखे वाटा. पिंजऱ्यातून हाताला लागेल तो पहिल्या ग्रुपमध्ये असं केलं तर सुस्त उंदीर सगळे एकाच ग्रुपात जमतात.

९. इमेजिंगचा दिवस

मशीन सकाळीच चालू करून ठेवा, कॅमेरा गार व्हायला वेळ लागतो, स्क्रीनवर तापमान लॉक झालं असं दिसेपर्यंत काही करू नका. आत उंदीर ठेवायचा प्लॅटफॉर्म ३७ अंशांना गरम हवा, बेशुद्ध उंदीर पटकन गार पडतो, त्याला त्रास होतो आणि उजेडही बदलतो.

मग प्रत्येकाचं वजन, शेपटीवरचा नंबर, आणि त्यावरून मायक्रोलिटर, हा तक्ता आधीच लिहून ठेवा. इंजेक्शन देताना मानेची कातडी चिमटीत धरून उंदीर उताणा करा, डोकं किंचित खाली, म्हणजे आतडी वर सरकतात, आणि पोटाच्या खालच्या भागात उंदराच्या उजव्या बाजूला इन्सुलिनच्या सिरिंजने टोचा. डावीकडे मोठं सीकम असतं. हलकंसं मागे ओढून बघा, काही हिरवट-तपकिरी आलं तर सुई आतड्यात आहे, ती सिरिंज फेकून द्या आणि नवीन घ्या. ल्युसिफेरिन आतड्यात किंवा चरबीत गेलं तर त्या दिवशी तो उंदीर मंद दिसतो आणि पुढच्या आठवड्यात एकदम चमकतो. एकाच उंदराचा आकडा असा अचानक पडलेला दिसला तर आधी इंजेक्शनवर शंका घ्या आणि त्याला दुसऱ्या दिवशी परत करा.

पोटातून दिलेलं ल्युसिफेरिन साधारण १० ते २० मिनिटांत शिखरावर येतं, पण तुमच्या मॉडेलचं नेमकं शिखर तुम्हालाच काढावं लागतं. मुख्य प्रयोगाआधी दोन-तीन उंदरांचे दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा-पाऊण तास फोटो घ्या, ग्राफ काढा, वर सपाट भाग जिथे येतो ती वेळ निवडा आणि मग शेवटपर्यंत तीच. बारावं मिनिट म्हणजे बारावंच. बेशुद्ध कधी करता तेसुद्धा तसंच ठेवा, कारण जागेपणी टोचून मग बेशुद्ध केलेल्या आणि आधीच बेशुद्ध असलेल्या उंदराचं शिखर वेगवेगळ्या वेळी येतं. आयसोफ्लुरेन (बेशुद्धीचा गॅस) सुरुवातीला ३ ते ४ टक्के, मशीनमध्ये दीड ते दोन. डोळ्यांना मलम लावा, पापण्या मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडं पडतं. गॅस ओढून घेणारा चारकोल फिल्टर संपलेला नाही ना बघा, तो तुमच्या छातीसाठी आहे.

मशीनमध्ये पाच उंदीर बसतात म्हणून पाचही घालायची घाई पहिल्या दिवशी नको, तीन घ्या. मध्ये काळे पडदे लावा, नाहीतर जास्त चमकणाऱ्याचा उजेड शेजाऱ्याच्या अंगावर पडतो. ट्यूमर ज्या बाजूला ती बाजू वर, आणि दर आठवड्याला तशीच. एक उंदीर पेशी न टोचलेला पण ल्युसिफेरिन दिलेला ठेवा, बॅकग्राउंड त्याच्यावरून कळतं. काही टेप आणि मार्करच्या शाई काळोखात स्वतःच चमकतात, नवीन वस्तू आत ठेवायच्या आधी तिचा रिकामा फोटो काढून बघा.

सेटिंगमध्ये फिल्टर ओपन, एफ-स्टॉप (लेन्सचं तोंड) १, बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणं) मिडियम, एक्स्पोजर ऑटो, यावर सुरुवात करा. काउंट्स (कॅमेऱ्याचा कच्चा आकडा) ६०० च्या खाली असतील तर तो नॉइज समजा, ६०,००० च्या वर गेले तर सेन्सर भरला, तो फोटो मोजायला निरुपयोगी. जास्त चमकत असेल तर एक्स्पोजर कमी, मंद असेल तर वाढवा, मग बिनिंगला हात लावा.

छातीतलं मेटास्टॅसिस शोधताना मूळ ट्यूमरचा झगमगाट सगळं झाकतो, तेव्हा मूळ ट्यूमरवर काळा जाड कागद ठेवून परत फोटो घ्या.

झालं की उंदीर गरम जागी ठेवा, चालायला लागल्यावरच पिंजऱ्यात परत.

१०. आकडे काढणं

तुलना काउंट्सवर करू नका, ते सेटिंगप्रमाणे बदलतात. रेडियन्सवर (सेटिंगचा हिशोब धरून काढलेल्या उजेडावर) जा आणि प्रत्येक जागेचं टोटल फ्लक्स घ्या, फोटॉन प्रति सेकंद. सगळ्या उंदरांना सारख्या मापाचा आरओआय (फोटोवर मोजायची आखलेली जागा), बॅकग्राउंडचा वेगळा.

फोटो दाखवताना सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोची रंगपट्टी आपोआप बदलतं, त्यामुळे मंद ट्यूमरसुद्धा लालभडक दिसतो. सगळ्या आठवड्यांना, सगळ्या ग्रुपांना एकच किमान-कमाल लावा. व्हायव्हात हे पहिलं विचारतात. ग्राफ लॉग स्केलवर काढा आणि प्रत्येक उंदराला त्याच्याच बेसलाइनने भागा.

मोठ्या ट्यूमरमध्ये मधला भाग सडतो, ऑक्सिजन पोचत नाही, मग कॅलिपर वर जातो आणि उजेड खाली येतो. कंट्रोल ग्रुपमध्ये हे शेवटच्या आठवड्यात हमखास होतं, आणि त्यामुळे औषधाचा फरक पुसला जातो. म्हणून दोन्ही माप शेजारी शेजारी द्या.

११. शेवटचा दिवस

ल्युसिफेरिन द्या, दहा मिनिटांनी उंदीर मान्य पद्धतीने संपवा, आणि फुफ्फुस, लिव्हर, प्लीहा, हाडं लगेच काढून पेट्री डिशमध्ये मांडा. वर ल्युसिफेरिनचं पातळ द्रावण टाका आणि फोटो. हे पटापट व्हायला लागतं कारण रक्तपुरवठा तुटला की ऑक्सिजन आणि एटीपी संपत जातं, म्हणून एकाने कापायचं, एकाने मांडायचं, एकाने कॉम्प्युटर. डिशवर नंबर आधीच लिहा. मग तेच अवयव फॉर्मॅलिनमध्ये, एच अँड ई (पेशी रंगवून बघायच्या) स्लाइडला. बाहेरून ठिपका दिसला आणि अवयवात काहीच नाही, किंवा उलट, असं होतं, तेव्हा स्लाइडवर विश्वास ठेवा.

१२. निघायच्या आधी

फक्त जेपेग घेऊन येऊ नका. मूळ फोल्डरच्या फोल्डर हार्ड डिस्कवर घ्या, कारण नंतर आरओआय बदलायचा झाला तर जेपेगमधून फोटॉन निघत नाहीत. सॉफ्टवेअरचं लायसन्स नाशिकला नसतं, त्यामुळे मोजणी तिथे बसूनच संपवायचा वेळ बुकिंगमध्ये आधीच मागा, आणि मशीनचं मॉडेल, सॉफ्टवेअरची व्हर्जन, ल्युसिफेरिनचा लॉट, आयसोफ्लुरेनचे टक्के, फोटोचं मिनिट, एक्स्पोजर, बिनिंग, एफ-स्टॉप आणि आयएईसीचा अप्रूव्हल नंबर एका कागदावर उतरवून त्याचा फोटो गाईडला पाठवून द्या, मेथड्स लिहिताना रिव्ह्यूअर नेमकं हेच मागतो.